मॅडम फिलोचा सुबक वर्ग

ओतुआनोतल्या बालवाडीच्या मुलांची हस्तकला बघितली की गावातल्या सुतारालाही आपल्या हातांची लाज वाटावी. चार वर्षांच्या पोराने कापलेला पुठ्ठ्याचा खेकडा, पण दोन्ही डोळे अगदी एका रेषेत, नांग्यांच्या टोकांना केसाएवढी काळी रेघ, आणि खाली पोराचं नाव लग्नपत्रिकेवर शोभावं अशा अक्षरात. तेच पोर घरी आल्यावर शेंबूड बाहीला पुसायचं आणि डावी चप्पल उजव्या पायात घालायचं. तरी खेकड्याबद्दल कुणी कधी शंका काढली नाही. आपलं मूल हुशार असल्याचा पुरावा कुणी पुठ्ठ्यावर चिकटवून देत असेल, तर तो खोटा पाडायला कोण जाईल?

हे सगळे खेकडे मॅडम फिलोमिना ताविया करायच्या. गोल्डन स्लेट प्रिपरेटरी शाळेच्या बालवाडीच्या त्या बाई. घानाच्या आमच्या या किनाऱ्यावर कोणता ऋतू चाललाय हे बघायला कॅलेंडर लागत नसे, मॅडम फिलोच्या वर्गाची खिडकी पुरायची. मार्चमध्ये स्वातंत्र्यदिनाचे झेंडे. ईस्टरच्या आधी ताडाच्या पानांचे क्रूस. जूनच्या पावसात खेकडे. मासेमारी बंद होऊन होड्या वाळूवर आल्या की पुठ्ठ्याच्या होड्या, मका निघाला की कणसांच्या बाहुल्या. आणि हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा सुटून सगळ्यांचे ओठ फुटायला लागले की नाताळची कार्डं, त्यांच्यावर कापसाचा बर्फ. बर्फ आमच्याकडे फक्त मासेवालीच्या पेटीत असतो आणि त्याला वास येतो. पण नाताळ म्हणजे बर्फ हे मॅडमनी एकदा ठरवलं होतं, आणि त्यांच्यापुढे हवामानाचं काही चालत नसे.

या सगळ्यात मुलांचं काम एकच. मॅडम म्हणायच्या, "हात बसवा!" की सगळ्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली सारायचे आणि त्यांच्यावर बसायचं. हात मोकळे राहिले की डिंकात जातात आणि डिंकातून शेजाऱ्याच्या डोक्यात जातात, असा मॅडमचा अनुभव. मग त्या कापायच्या, चिकटवायच्या, रंगवायच्या, आणि तोंडाने चालू असायचं, "बघा, आता आपण डोळा लावतोय. किती छान लावला आपण!" वर्ग एका सुरात ओरडायचा, "छान लावला, मॅडम!" संपली हस्तकला.

मॅडम पहिल्यापासून अशा नव्हत्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी मुलांना खरोखर कात्र्या दिल्या होत्या. एका पोराने जीव ओतून एक खेकडा केला, तीन पायांचा, बटाट्यासारखा. त्याची आई न्यायला आली, तिने तो दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "यासाठी फी भरतो आम्ही?" आणि पोरासमोर गटारात टाकून दिला. पोर गटाराच्या काठावर उभं राहून खालीच बघत राहिलं, हाताला धरून ओढेपर्यंत. मॅडमना खरं तर त्या आईचा राग यायला हवा होता. आला तो खेकड्याचा. पुन्हा आपल्या वर्गातून असलं वेडंवाकडं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि कात्र्या कपाटात गेल्या. तेव्हापासून कुणी काही गटारात टाकलं नाही. म्हणजे मॅडमचं चुकलं असं म्हणायला गावाने जागाच ठेवली नव्हती.

अशी सुखाची वर्षं गेली आणि मॅडमची साठी आली. शाळेचे मालक मिस्टर अँपा-कोर्सा, एका आडनावात न मावणारा माणूस, त्यांनी मॅडमना खोलीत बोलावलं.

"मॅडम, तुमच्याशिवाय ही शाळा म्हणजे मिठाशिवाय मासा," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. जानेवारीपासून तुम्ही घरी आराम करायचा."

"मी घरी काय करू, सर? घरात कोण आहे माझ्या?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा नवरा कधीच वारला होता आणि मूलबाळ झालं नव्हतं. ते घर म्हणजे त्यांना कपडे वाळत घालायची जागा.

मिस्टर अँपा-कोर्सांनी पेन फिरवलं. "एक आहे. छोट्यांच्या मुखवट्यांचा कप दरवर्षी खाडीपलीकडची शाळा नेते. पालक मला तोंडावर बोलतात. तुम्ही तो कप आणा, मग वर्ग तुमचा, हातपाय चालतील तोवर. नाही आला, तर आपण तुम्हाला एक भिंतीवरचं घड्याळ देऊ आणि भाषण करू."

घड्याळाचं नाव ऐकताच मॅडम म्हणाल्या, "कप आणते, सर."

जवळच्या विनेबा शहरात मुखवट्यांची मिरवणूक जानेवारीच्या पहिल्या तारखेला निघते. आमच्याकडे ती दुसऱ्या तारखेला निघते, कारण ब्रास बँड तिकडून सुटल्याशिवाय इकडे येत नाही. मुखवटे मात्र तसेच: मातीच्या साच्यावर सिमेंटच्या पिशव्यांचा कागद कसावा नावाच्या कंदाच्या खळीने थरावर थर चिकटवायचा, वाऱ्यावर वाळवायचा, साचा काढायचा आणि रंगवायचा. गुलाबी गाल, लाल ओठ, बारीक मिशी. कधीकाळी इथे येऊन हुकूम सोडणाऱ्या गोऱ्या साहेबांची ही टिंगल आहे. मोठी माणसं ती टिंगल म्हणूनच करतात. मॅडम फिलोनी साहेब अगदी साहेबासारखा केला. एकच साचा, एकच गुलाबी, एकच मिशी. अख्ख्या वर्गाला.

आणि मुखवट्यावर त्या थांबल्या नाहीत. परीक्षक एकसारखेपणाला भुलतात हे त्यांनी हेरलं होतं. रंगीत झालरींचे झगे एका मापाचे शिवून घेतले. हातमोजे, पायमोजे, डोक्याला रुमाल, कातडी तसूभर दिसता कामा नये. बुटक्यांच्या बुटांत पुठ्ठ्याच्या घड्या घातल्या. हडकुळ्यांच्या पोटाला चिंध्या बांधल्या. एक लठ्ठ पोर होतं, त्याला पंधरवडाभर डब्यातलं अर्धंच खायला दिलं.

गावातल्या मुखवट्यांचे म्होरके एग्या बोंझी. वयोवृद्ध माणूस, म्हणून सगळे त्यांना एग्या म्हणायचे. ते तालमीला आले आणि त्यांनी मुलांना नियम सांगितले. मुखवट्याने बोलायचं नाही. मुखवटा रस्त्यात काढायचा नाही, उंबऱ्याच्या आत गेल्यावरच काढायचा. "रस्त्यात काढलात तर समुद्र बघतो," ते म्हणाले, "आणि वर्षभर तुमच्या बापाच्या जाळ्यात शेवाळ येतं."

मुलांचे डोळे मोठे झाले. मॅडमना तेवढ्यावर भरवसा नव्हता. त्या तालमीत मुलांच्या पाठीमागून यायच्या आणि आईच्या गोड आवाजात म्हणायच्या, "बाळा, भात केलाय, येतोस ना?" जो वळला तो मधल्या सुट्टीभर मुखवट्यात. "कुणीही हाक मारू दे, बोलायचं नाही," त्या बजावायच्या. "मी स्वतः नाव विचारलं तरी बोलायचं नाही. मी परीक्षा घेत असेन." आठवड्याभरात वर्ग असा तयार झाला की कुणी शिंकलं तरी आतल्या आत.

मिरवणुकीच्या दिवशी ओतुआनोने जे बघितलं ते आधी बघितलं नव्हतं. बँड वाजायला लागला आणि एकाच उंचीचे, एकाच पोटाचे, एकाच मिशीचे गुलाबी साहेब रांगेने नाचत आले. एक पाय वर, सगळ्यांचा एक पाय वर. खाडीपलीकडच्या शाळेची मुलं बिचारी मुलांसारखी दिसत होती. कुणाचं नाक सुटलेलं, कुणी मध्येच बसून बुटाची नाडी बांधतंय. परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलंही नाही. कप गोल्डन स्लेटला. मिस्टर अँपा-कोर्सा तो डोक्यावर घेऊन नाचले, आणि मॅडम फिलो कडुनिंबाच्या झाडाखाली उभ्या राहून रडल्या. जानेवारी त्यांचा झाला होता.

मग आया मुलांना न्यायला आल्या.

"ये गं माझी राणी," पहिली आई म्हणाली. कुणी हललं नाही. "ए कोजो, चल, उशीर होतोय," दुसरी म्हणाली. साहेबांची रांग समोर बघत उभी. एकीने एकाचा खांदा धरून हलवला, तो साहेब हलला आणि पुन्हा सरळ झाला.

"मॅडम, यात माझा कोणता?"

"काय हो, तुमचं पोर तुम्हालाच ओळखता येईना?" मॅडम हसल्या. त्यांना ती तारीफच वाटली.

"नाही येत. तुम्हाला येतंय ना? मग द्या काढून."

मॅडम पहिल्या मुखवट्यापाशी वाकल्या. "हा बघा. याची मिशी डाव्या बाजूला किंचित जाड आहे. रंगवताना लाइट गेली होती. आणि हा, याच्या हनुवटीला दुसरा हात द्यावा लागला."

"मिशीचं काय लोणचं घालू? आत कोण आहे ते सांगा!"

आपल्या हाताचा प्रत्येक फटकारा मॅडमना ठाऊक होता. तो कुठल्या चेहऱ्यावर चढवला हे बघायचं राहून गेलं होतं.

"काढा ना ते मुखवटे!" एक बाप मागून ओरडला, आणि सगळ्यांनी एग्या बोंझींकडे बघितलं.

"काढा की," एग्या म्हणाले. "मी कोण अडवणारा? समुद्र हा इथे, चार पावलांवर आहे."

तिथे ज्याच्या घरात जाळं नाही असं एकही कुटुंब नव्हतं. कुणाचाही हात पुढे झाला नाही. शेवटी एग्यांनीच तोड काढली. "एकेक घेऊन जा. घरात नेऊन काढा. चुकलं तर परत मुखवटा घाला आणि बदलून घ्या. काय त्यात?"

मग जी निवड झाली ती मासळीबाजारात होते तशी. कुणी वजन करून बघितलं, कुणी पाठीत बोट घालून. एका आजीने छातीठोक सांगितलं, "माझ्या नातवाला शिया बटरचा वास येतो," आणि हुंगत हुंगत रांग पालथी घातली. हरमॅटनमध्ये अख्खं गाव शिया बटर चोपडून फिरतं. आजीने सगळेच नातू निवडले असते. तिच्या सुनेने एक हातात दिला आणि तिला घरी नेलं.

अंगण रिकामं झालं, आणि एक साहेब उरला.

त्याला न्यायला कुणी आलंच नव्हतं. एखादी आई विनेबाला सुकी मासळी विकायला गेली असेल, सणाचे दिवस. पण कोणाची आई, हे कळायला आधी हा कोण ते कळायला हवं. मॅडमनी त्याचा हातमोजा धरला आणि त्याला आपल्या घरी नेलं.

उंबऱ्याच्या आत आल्यावर त्यांनी मुखवटा उचलला. घामाने भिजलेला एक लहानसा काळा चेहरा बाहेर आला. डोकं शाळेच्या शिस्तीप्रमाणे भादरलेलं, त्यामुळे मुलगा की मुलगी तेही सांगता येईना. मोठे, शांत डोळे मॅडमकडे बघत होते. मॅडमनीही बघितलं, नीट, चष्मा पुसून. आणि त्यांच्या लक्षात आलं की हा चेहरा आपण कधी पाहिलेलाच नाही.

"तू माझ्याच वर्गातलं ना?"

मान हलली. हो.

"नाव काय बाळा तुझं?"

ओठ घट्ट मिटले.

"आता बोललं तरी चालेल. परीक्षा संपली."

ओठ आणखी घट्ट मिटले. असं म्हणूनच तर परीक्षा घेतात.

मॅडमनी ताटात जोलोफ भात वाढला, वर कोंबडीची तंगडी ठेवली. मूल जेवलं, सांडलं नाही, हात पुसला आणि मग सवयीने दोन्ही हात मांड्यांखाली सारून बसलं. मॅडम समोर बसून आठवत राहिल्या. डिंक खाणारा कोण ते त्यांना माहीत होतं. रडणारी कोण, चावणारा कोण, खिडकीतून पळणारा कोण, सगळी नावं तोंडावर होती. हे त्यातलं नव्हतं. सप्टेंबरपासून एकदाही "हात बसवा" दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही असं हे मूल होतं. सगळ्या वर्गातलं सगळ्यात गुणी मूल, म्हणून त्याच्याकडे बघायची वेळच आली नव्हती. मॅडमना एकदम आपल्याच घरात परकं वाटायला लागलं. लाज वाटली, आणि ती समोरच्या चार वर्षांच्या जीवाला दिसू नये म्हणून त्या उगाच उठून भांडी घासू लागल्या.

पण बसून राहून भागणार नव्हतं. मुखवटा पुन्हा चढवला, रस्ता ओलांडायचा म्हणजे चढवावाच लागणार, आणि मॅडम दारोदार निघाल्या. रस्त्यात जिकडेतिकडे तेच चाललं होतं. बाया गुलाबी साहेब काखोटीला मारून या घरातून त्या घरात पळत होत्या. उंबऱ्याच्या आत शिरायचं, मुखवटा उचलायचा, "तुमचा?" "नाही हो, आमच्याकडे अन्सांची मुलगी आलीये, ती घ्या." "आम्ही कुठे अन्सा?" पुन्हा मुखवटा. एका घरात तर पोराने वाढलेलं सगळं संपल्यावरच सांगितलं की मी तुमचा नाही.

मॅडमना बघून बाया दारातच कमरेवर हात ठेवायच्या. "मॅडम, तुम्ही पण शोधताय? तुम्ही तर शिकवता ना यांना?"

"माझ्याकडे एक जास्तीचं आलंय," मॅडम म्हणायच्या.

टेम्पोच्या थांब्यापाशी त्या टेकल्या तेव्हा विनेबाची गाडी येऊन थांबली. तिच्यातून डोक्यावर रिकामी परात घेतलेली एक बाई उतरली. अजून पाय खाली टेकतो न टेकतो तोच ती लांबून ओरडली, "एवुरामा! अगं, तू इथे काय करतेस?"

साहेब पळत सुटला आणि तिच्या कमरेला गुंडाळलेल्या कापडात घुसला. मुखवट्याच्या आतून, नियम मोडून, मोठ्याने आवाज आला, "मामे, मी कोंबडी खाल्ली!"

मॅडम मागून पोचल्या. "तुम्ही ओळखलंत कसं?"

"म्हणजे काय, मॅडम? ती उभी राहिली की डावा पाय उजव्या पायावर ठेवते. जन्मल्यापासून. वर्गात नाही का ठेवत?"

"ठेवते की," मॅडम म्हणाल्या.

हे सगळं दुसऱ्या दिवशी अंगाशी येणार म्हणून मॅडम जीव मुठीत धरून घराबाहेर पडल्या. पण ओतुआनोला त्या ओळखून नव्हत्या. बाजारात मोठ्या अभिमानाने चर्चा चालली होती. "विनेबाचे मुखवटे काय सांगता? तिकडे आया पोरांना ओळखतात! आमच्याकडे जन्म दिलेल्या बाईला कळलं नाही!" रेडिओवाल्याने बातमी दिली, एग्या बोंझींची मुलाखत झाली. ज्या बाईने मिशीचं लोणचं काढलं होतं तिने शेजारणीला सांगितलं की आमच्याकडे दोन चुकीची येऊन गेली, तेव्हा कुठे आपलं मिळालं. एकच आलेल्या घरांना कमीपणा वाटला. मिस्टर अँपा-कोर्सांनी कप फाटकापाशी काचेच्या पेटीत ठेवला, आणि प्रवेशासाठी रांग लागली.

"मॅडम," ते म्हणाले, "घड्याळ रद्द. वर्ग तुमचा."

सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मॅडम लवकर आल्या. कपाटाचं खालचं दार उघडून त्यांनी आतल्या कात्र्या काढल्या, गंज घासला, धार बोथट आहे ना ते स्वतःच्या अंगठ्यावर बघितलं. मुलं आल्यावर त्यांनी हस्तकलेच्या तासाला प्रत्येकासमोर कागद ठेवला आणि कात्री ठेवली. मग एकेकाची हनुवटी वर करून चेहरा बघितला आणि नाव विचारलं. मुलं घाबरून सांगत होती.

"आज मासा," मॅडम म्हणाल्या. "ज्याने त्याने आपला. हवा तसा कापा."

वर्ग हलला नाही. कात्र्यांकडे मुलं ताटात विंचू वाढल्यासारखी बघत होती. कुणीतरी हळूच हात मांड्यांखाली घातले, मग शेजाऱ्याने घातले, मग सगळ्यांनी.

"एवुरामा, तू कर बघू सुरुवात."

एवुरामा उठली. तिने आपला कागद आणि कात्री दोन्ही उचलली, मॅडमच्या टेबलावर आणून नीट ठेवली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही करा, मॅडम. आमचं घाण होतं."

"घाण नाही होत गं. झालं तरी चालेल."

"नाही चालत," एवुरामा म्हणाली. तिला समजावून सांगावं लागतंय याचं नवल वाटत होतं. "मग ते आमचं दिसतं."

खिडकीत सावली पडली. मिस्टर अँपा-कोर्सा नव्या पालकांना शाळा दाखवत होते. "हा तो वर्ग," ते म्हणत होते. "सगळं मुलं स्वतः करतात." पालक खिडकीशी दाटीवाटीने उभे राहिले आणि आत बघू लागले. कोऱ्या कागदांच्या रांगा होत्या आणि त्यांच्यामागे हातांवर बसलेली मुलं होती. एका आईच्या कपाळाला आठी पडायला लागली. मॅडमना ती ओळखीची वाटली, तसल्या सगळ्या आया त्यांना ओळखीच्या होत्या.

मॅडमनी कात्री उचलली. "बघा," त्या म्हणाल्या, "आता आपण शेपूट कापतोय."

"छान कापलं, मॅडम!" वर्ग ओरडला. अजून कात्री कागदाला लागलीही नव्हती.